प्रश्नचिन्हं झालेली नावं

२०१८ सालचा जून महिना. शाळा उघडून आठवडा झाला होता. मी तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. संगणकाशी थोडीफार झटापट करतो म्हणून कार्यालयातल्या संगणकाचं काही बिघडलं, की पहिली हाक मला येते. त्या दिवशीही आली. "सर, जरा येता का? पोरांची नावं गेली!"

विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवण्यासाठी शाळेनं एक वेब ॲप्लिकेशन करून घेतलं होतं. म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी एक आज्ञावली. नाव, जन्मतारीख, तुकडी अशी माहिती पडद्यावरच्या फॉर्ममध्ये भरायची, ती दूर कुठेतरी असलेल्या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये साठते, आणि हवी तेव्हा यादी छापून मिळते. आमच्याच एका माजी विद्यार्थ्यानं ते लिहिलं होतं आणि तीन वर्षं ते बिनतक्रार चाललं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवलं. बाकी काही बदललं नव्हतं.

पडद्यावर दोन प्रकारचा गोंधळ दिसत होता. सहावी ते दहावीच्या जुन्या मुलांच्या नावांच्या जागी विचित्र चिन्हांची रांग होती: डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', मग चार शेंड्या फुटलेलं छोटं वर्तुळ, मग आणखी एखादी खूण, पुन्हा तोच रेघवाला 'ए', पुन्हा वर्तुळ, पुन्हा खूण. पाचवीत नव्यानं दाखल झालेल्या चाळीसेक मुलांच्या बाबतीत असलं काही नव्हतं. तिथे नुसती प्रश्नचिन्हं होती. मीनाच्या जागी चार, सुनीताच्या जागी सहा.

कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, "सर, जुन्या नावांचा पार चिखल झालाय. ती सगळी पुसून नव्यानं भरावी लागणार. पाचवीचं मात्र बरं दिसतंय, तिथे थोडक्यात भागेल."

तुम्हाला काय वाटतं? कोणती नावं परत मिळतील, आणि कोणती कायमची गेली? पुढे वाचण्याआधी क्षणभर विचार करा. उत्तर भाऊसाहेबांच्या अंदाजाच्या अगदी उलट आहे. ते तसं का, हे कळलं की वेब ॲप्लिकेशन करणाऱ्यांना नेहमी छळणाऱ्या एका अडचणीचं मूळ हाती लागतं.

संगणकाला अक्षर कळत नाही

संगणकाच्या स्मृतीत 'म' नावाचं काही नसतं. तिथे फक्त अंक असतात. ८ बिटांचा एक बाइट, आणि एका बाइटात ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या मावते. कोणती संख्या म्हणजे कोणतं अक्षर, हे माणसांनी आपसात ठरवलेलं असतं. या ठरावाच्या तक्त्याला आपण 'संकेत' म्हणू.

अमेरिकेत १९६३ साली असा एक तक्ता प्रमाण म्हणून जाहीर झाला. त्याचं नाव ॲस्की. त्यात ० ते १२७ अशा १२८ जागा होत्या. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं एवढ्यात बसली. पण फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश लोकांनी काय करायचं? बाइटात २५६ जागा असतात, म्हणजे वरच्या १२८ रिकाम्याच होत्या. त्या जो तो आपापल्या गरजेप्रमाणे भरू लागला. पश्चिम युरोपानं त्या जागांवर रेघा-टिंबं असलेली रोमन अक्षरं बसवली, रशियनांनी आपली, ग्रीकांनी आपली. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा संकेत तयार झाला आणि १९९१ साली तो भारतीय मानक ठरला. त्यातही वरच्या जागांवर आपली अक्षरं होती.

परिणाम काय झाला? २२४ हा एकच अंक एका तक्त्यात एक अक्षर, दुसऱ्यात दुसरंच. पत्र लिहिणाऱ्यानं कोणता तक्ता वापरला हे वाचणाऱ्याला माहीत नसेल, तर अंक जसेच्या तसे पोचूनही मजकूर वाचता येत नाही.

यावर उपाय म्हणून जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच मोठा तक्ता करायचं ठरलं. तो म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे सलग १२८ क्रमांक मिळाले. तिथली मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या आराखड्यावरून घेतलेली आहे. या तक्त्यात 'म' चा क्रमांक २३५०, 'न' चा २३४४, काना २३६६, दुसरी वेलांटी २३६८. काना आणि वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत, हे ध्यानात ठेवा. त्यामुळे 'मीना' हा शब्द आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसला, तरी युनिकोडच्या हिशेबात तो चार वर्णांचा आहे: म, वेलांटी, न, काना.

चौसष्टानं भागा

आता एक पेच उरतो. बाइटात २५५ पर्यंतचीच संख्या मावते, आणि 'म' चा क्रमांक तर २३५०. मग तो साठवायचा कसा? एकाहून जास्त बाइट वापरून. पण किती, आणि कसे?

याचं आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं उत्तर केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोन अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांनी सप्टेंबर १९९२ मध्ये शोधलं. न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, टेबलावर ताटाखाली पसरायच्या कागदावर थॉम्पसन यांनी त्याचा आराखडा मांडला, असं पाइक यांनी लिहून ठेवलं आहे. या पद्धतीचं नाव यूटीएफ-८.

देवनागरीपुरती ही पद्धत साध्या भागाकारानं समजते. वर्णाच्या क्रमांकाला ६४ नं भागायचं. बाकी आली ती बाजूला ठेवायची. भागाकाराला पुन्हा ६४ नं भागायचं. असे एकूण तीन आकडे हाती येतात. पहिल्यात २२४ मिळवायचे, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात १२८ मिळवायचे. झाले तीन बाइट तयार.

'म' घेऊन पाहू. २३५० ला ६४ नं भागलं, तर भागाकार ३६ आणि बाकी ४६. आता ३६ ला ६४ नं भागलं, तर भागाकार ० आणि बाकी ३६. म्हणजे तीन आकडे ०, ३६, ४६. त्यात अनुक्रमे २२४, १२८, १२८ मिळवले:

म = २२४, १६४, १७४

तसंच दुसऱ्या वेलांटीचं. २३६८ ला ६४ नं भागलं, तर बरोबर ३७, बाकी शून्य. म्हणून

दुसरी वेलांटी = २२४, १६५, १२८

'न' आणि काना तुम्ही स्वतः काढून पाहा. २२४, १६४, १६८ आणि २२४, १६४, १९० अशी उत्तरं यायला हवीत.

६४ च का? पहिल्यानंतरच्या प्रत्येक बाइटातले पहिले दोन बिट "मी मागच्याचा शेपूट आहे" अशी खूण करण्यासाठी राखलेले असतात. उरलेल्या ६ बिटांत ६४ संख्या मावतात. या खुणेचा फायदा असा, की मजकुराच्या मधूनच कुठून वाचायला सुरुवात केली तरी वर्ण कुठे सुरू होतो ते कळतं. आणि ॲस्कीतली इंग्रजी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये आहेत तशीच, एका बाइटात राहतात. म्हणून जुन्या इंग्रजी मजकुराला काही धक्का लागत नाही. याचा एक तोटाही आहे: इंग्रजीत काम करणाऱ्याला आपली आज्ञावली चुकीचा तक्ता वापरते आहे, हे कधी कळतच नाही. चूक दिसते ती पहिलं मराठी नाव भरल्यावर.

चिखलातला क्रम

आता आपल्या यादीकडे वळू. 'म' चे तीन बाइट २२४, १६४, १७४. समजा, ते वाचणाऱ्याच्या हाती युनिकोडऐवजी पश्चिम युरोपाचा जुना एकबाइटी तक्ता आहे. त्याच्या एका प्रकाराला विंडोज-१२५२ म्हणतात. या तक्त्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला 'ए', १६४ म्हणजे शेंड्या फुटलेलं वर्तुळ (ती चलनाची सर्वसाधारण खूण आहे), आणि १७४ म्हणजे वर्तुळातला 'आर'. एका 'म' ची तीन चिन्हं झाली.

पण प्रत्येक वेळी तो रेघवाला 'ए' च का येत होता? देवनागरीचे क्रमांक २३०४ ते २४३१. त्यांना ६४ नं भागा. भागाकार ३६ किंवा ३७, दुसरं काही येऊच शकत नाही. म्हणून देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट २२४, आणि दुसरा १६४ किंवा १६५. विंडोज-१२५२ मध्ये १६५ म्हणजे जपानी येनची खूण. यादीत वर्तुळांच्या अधूनमधून येनच्या खुणा दिसत होत्या, त्या या १६५ च्या.

म्हणजे तो चिखल नव्हताच. तीन-तीन चिन्हांचे गट, दर गटाचं पहिलं चिन्ह तेच, दुसरं दोहोंपैकी एक. हा क्रम दिसला की निदान पक्कं: बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणाऱ्यानं चुकीचा तक्ता उघडला आहे. 'मीना' ची बारा चिन्हं झाली असतील, तर त्या बारांतून बारा बाइट आणि त्यांतून मीना परत मिळते.

आणि प्रश्नचिन्हं? ती वेगळ्या वाटेनं येतात. इथे एखादा दुवा मजकूर नुसता वाचत नाही, तर एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात उतरवतो. त्याला 'म' नीट कळलेला असतो. पण ज्या तक्त्यात उतरवायचं, त्यात 'म' ला जागाच नसते. मग तो त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो आणि पुढे जातो. प्रश्नचिन्हाचा अंक ६३. डेटाबेसमध्ये ६३ साठतो, आणि मूळचा २३५० कुठेच उरत नाही. मीनाचे चार वर्ण, म्हणून चार प्रश्नचिन्हं. पण गीतालाही चारच आणि राजूलाही चारच. चार प्रश्नचिन्हांकडे पाहून मुलगी मीना होती की गीता, हे कोणत्याही हुशार आज्ञावलीला सांगता येणार नाही.

म्हणजे ओंगळ दिसणारी जुनी नावं सुखरूप होती आणि नीटनेटकी दिसणारी नवी नावं गेली होती.

दोन चुका मिळून बरोबर

पण तीन वर्षं सुरळीत चाललेलं काम सर्व्हर बदलताच का बिघडलं? आणि जुन्या-नव्या नावांची गत वेगळी का?

वेब ॲप्लिकेशनमध्ये नाव कळफलकावरून डेटाबेसपर्यंत जाताना अनेक दुवे ओलांडतं. ब्राउझर फॉर्ममधला मजकूर बाइटांत बदलतो. सर्व्हरवरची आज्ञावली ते बाइट घेते. आज्ञावली आणि डेटाबेस यांच्यात एक जोडणी असते, तिला स्वतःचा संकेत सांगितलेला असतो. डेटाबेसमधल्या तक्त्याच्या प्रत्येक स्तंभालाही आपला संकेत असतो. मग परतीचा प्रवास, आणि शेवटी ब्राउझरला "हे पान अमुक संकेतात आहे" असं सांगावं लागतं. यांतल्या एकाचाही समज वेगळा असला तरी घोटाळा होतो.

आमच्या माजी विद्यार्थ्याला बोलावलं. त्यानं जुन्या सर्व्हरच्या नोंदी काढल्या. ब्राउझर आणि पान, दोन्ही यूटीएफ-८ मध्ये होते. ते बरोबर होतं. पण डेटाबेसमधला स्तंभ आणि जोडणी हे दोन्ही पश्चिम युरोपीय तक्त्यावर राहिले होते, कारण डेटाबेस बसवताना जे आपोआप येतं ते कुणी बदललंच नव्हतं. 'म' चे तीन बाइट जोडणीकडे आले. तिनं ती तीन युरोपीय अक्षरं समजली. स्तंभानंही तसंच समजून साठवली. परत मागितल्यावर तेच तीन बाइट परत आले, आणि पानानं ते यूटीएफ-८ म्हणून बरोबर वाचले. पडद्यावर 'म' उमटला. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. बंद पाकीट न फोडता इकडून तिकडे देणाऱ्या टपालवाल्यासारखं हे झालं. पाकिटात मराठी आहे की फ्रेंच, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

नव्या सर्व्हरवर जोडणीचा संकेत मुळातच यूटीएफ-८ होता. म्हणजे एक चूक आपोआप दुरुस्त झाली, आणि दुसरी उघडी पडली. आता जुनं नाव काढताना जोडणी म्हणू लागली, "स्तंभात तीन युरोपीय अक्षरं आहेत, ती मी यूटीएफ-८ मध्ये नीट उतरवून देते." आणि तिनं ती इमानदारीनं उतरवून दिली. तोच रेघवाला 'ए' आणि त्याचे सोबती. नवं नाव साठवताना मात्र जोडणीला 'म' हा 'म' म्हणून कळत होता. पण तो युरोपीय स्तंभात उतरवायचा कसा? तिथे जागा नाही. म्हणून प्रश्नचिन्ह. कडक तपासणी चालू असती तर डेटाबेसनं अशा वेळी नोंद नाकारून चूक कळवली असती. ती बंद ठेवलेली होती, त्यामुळे चाळीस नावं गुपचूप पुसली गेली आणि आठवडाभर कुणाला पत्ता लागला नाही.

दुरुस्ती

अशा वेळी पहिला नियम एकच: मूळ डेटाबेसला हात लावायचा नाही. आधी त्याची प्रत करायची, आणि जे प्रयोग करायचे ते प्रतीवर.

दुसरा नियम: पडद्यावर काय दिसतं यावर विसंबायचं नाही, बाइट मोजायचे. बहुतेक डेटाबेसमध्ये मजकुराचे नुसते बाइट पाहायची सोय असते. विजेच्या माळेत दिवा कुठे तुटला ते शोधताना आपण मधोमध तपासतो. अलीकडचं ठीक असेल तर दोष पलीकडे, नाहीतर अलीकडे. तसंच इथे. मधल्या दुव्यावर, म्हणजे डेटाबेसच्या स्तंभात, जुन्या 'मीना' चे बाइट पाहिले. २२४, १६४, १७४ ने सुरू होणारे बरोबर १२ बाइट निघाले. म्हणजे साठवलेला माल चांगला होता, लेबल चुकलं होतं.

आमच्या विद्यार्थ्यानं आधी घाईनं प्रतीवर एक आज्ञा चालवली: "हा युरोपीय स्तंभ यूटीएफ-८ मध्ये बदल." पडद्यावर काहीच फरक पडला नाही. बाइट मोजले, तर १२ चे २५ झालेले! कारण डेटाबेसनं त्या बारा युरोपीय अक्षरांपैकी प्रत्येकाचं यूटीएफ-८ मध्ये रीतसर रूपांतर केलं होतं. चुकीवर शिक्कामोर्तब झालं होतं. ती प्रत टाकून दिली.

खरी दुरुस्ती दोन पायऱ्यांची. आधी डेटाबेसला सांगायचं, की या स्तंभात अक्षरं नाहीत, नुसते बाइट आहेत. म्हणजे तो रूपांतर करायला धजत नाही. मग सांगायचं, की हे बाइट यूटीएफ-८ चे आहेत. बाइटांना धक्का न लावता फक्त लेबल बदललं. पान पुन्हा उघडलं. सहावी ते दहावीची सगळी नावं, जोडाक्षरांसकट, जागच्या जागी होती.

आमचं नशीब एवढंच, की बाइट मध्ये कुठे गाळले गेले नव्हते. विंडोज-१२५२ च्या तक्त्यात १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. आता हलंताचा, म्हणजे पाय मोडण्याच्या खुणेचा क्रमांक २३८१. त्याचे बाइट काढून पाहा: २२४, १६५, १४१. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट १२९. 'झ' चा १५७. एखादी काटेकोर आज्ञावली या रिकाम्या जागांवरचे बाइट टाकून देते किंवा त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह घालते. मग बाकी मजकूर परत येतो, पण जोडाक्षरं, उकार आणि 'झ' मोडलेले राहतात. म्हणून रूपांतराचे खेळ जितके कमी तितकं बरं.

पाचवीच्या चाळीस नावांना मात्र कोणताच इलाज नव्हता. भाऊसाहेबांनी कपाटातून प्रवेश अर्ज आणि जनरल रजिस्टर काढलं आणि दोन दिवस बसून सगळी नावं पुन्हा भरली. कागद होता म्हणून निभावलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे नाव जातं, ते पुढे आयुष्यभर मुलाची पाठ धरतं. ते प्रश्नचिन्हांतून अंदाजानं काढायची गोष्ट नाही.

याच कुळातल्या आणखी काही अडचणी

एक्सेल. वेब ॲप्लिकेशनमधून यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून घेतली आणि डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, की अनेकदा तोच रेघवाला 'ए' दिसतो. फाइल चांगली असते. एक्सेलनं तक्ता चुकीचा धरलेला असतो. अशा वेळी फाइल 'सेव्ह' करू नका. बंद करा, आणि 'डेटा' मेनूतून फाइल आत घेताना संकेत यूटीएफ-८ निवडा. आज्ञावली लिहिणाऱ्यानं फाइलच्या आरंभी यूटीएफ-८ ची तीन बाइटांची खूण घातली, तर एक्सेल ते स्वतःच ओळखतं.

तुटलेली नावं. 'ज्ञानेश्वर' या नावाची लांबी किती? डोळ्यांना चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोडच्या हिशेबात दहा वर्ण: ज, हलंत, ञ, काना, न, मात्रा, श, हलंत, व, र. यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकानं एक आणि दुसऱ्यानं दुसरं मोजल्यावर. स्तंभाची मर्यादा २० बाइट असेल आणि आज्ञावलीनं तिथेच कात्री लावली, तर 'ज्ञाने' पर्यंत अठरा बाइट जातात आणि 'श' चे तिनांपैकी दोनच उरतात. अर्ध्या वर्णाला अर्थ नाही, म्हणून ब्राउझर तिथे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दाखवतो.

मोडी. मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' नावाचा जो जुना संकेत आहे, त्यात एका वर्णाला जास्तीत जास्त तीनच बाइट मिळतात. तिनांत १६ × ६४ × ६४, म्हणजे ६५,५३६ क्रमांक मावतात. देवनागरी त्यात बसते. पण २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीचे क्रमांक ७१,१६८ पासून सुरू होतात. त्यांना चार बाइट लागतात. इमोजींचंही बहुतांशी तसंच. म्हणून या डेटाबेसमध्ये २०१० साली 'यूटीएफ८एमबी४' हा चार बाइटांचा संकेत आला. नवं काम करताना तोच निवडावा.

सारखं दिसतं, पण सारखं नाही. 'कऱ्हाडे' हे आडनाव यादीत आहे, पण शोधलं तर सापडत नाही. का? यातला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हा स्वतंत्र वर्ण आणि हलंत. दुसरी, साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. 'ॲ' चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीच्या मजकुरात तो 'अ' आणि वरचा चंद्र असा दोन वर्णांनी लिहिलेला असतो. युनिकोडचे एकसारखेपणाचे नियम या दोन्ही जोड्या एक मानत नाहीत. म्हणून मराठी नावांचा शोध घेणाऱ्या आज्ञावलीत, साठवण्याआधी आणि शोधण्याआधी, हे दोन्ही प्रकार एकाच रूपात आणायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. मुलांचे चार गट करा. फळ्यावर वर्णांचे क्रमांक लिहा: म २३५०, न २३४४, ग २३२७, त २३४०, काना २३६६, दुसरी वेलांटी २३६८. पहिल्या गटानं 'मीना' किंवा 'गीता' यांपैकी एक नाव गुपचूप निवडायचं आणि ६४ च्या भागाकारानं त्याचे बाइट कागदावर लिहायचे. दुसऱ्या गटाकडे वेगळाच तक्ता द्या: २२४ म्हणजे चांदणी, १६४ म्हणजे चंद्र, १६५ म्हणजे झाड, आणि असंच प्रत्येक अंकाला वेगळं चित्र. त्यांनी आलेल्या अंकांची चित्रं काढायची. तिसऱ्या गटाला पहिल्या गटानं नाव सरळ सांगायचं. पण त्यांच्या तक्त्यात फक्त इंग्रजी अक्षरं आहेत, आणि ज्या वर्णाला जागा नाही तिथे प्रश्नचिन्ह लिहायचा नियम आहे.

आता दोन्ही कागद चौथ्या गटाकडे द्या, फळ्यावरचे क्रमांक आणि चित्रांचा तक्ताही द्या, आणि विचारा: मूळ नाव कोणतं? चित्रांच्या कागदावरून मुलं थोड्या वेळात नाव काढतील. प्रश्नचिन्हांचा कागद मात्र त्यांच्या हातात नुसताच राहील. माहिती विस्कटणं आणि माहिती हरवणं यांतला फरक व्याख्येपेक्षा या दोन कागदांवरून जास्त चांगला कळतो.

चौकट: काय दिसतं, काय झालं, परत मिळेल का?

१. रेघवाला 'ए' आणि वर्तुळ किंवा येन, तिना-तिनाच्या गटांत: यूटीएफ-८ चे बाइट युरोपीय तक्त्यानं वाचले. बहुतेक वेळा सगळं परत मिळतं.

२. त्याच जातीचं गबाळ, पण नागमोडी रेघवाला मोठा 'ए' वारंवार, आणि लांबी दुप्पट: चुकीचं रूपांतर दोनदा झालं. उलटे दोनदा जावं लागतं. बहुधा मिळतं.

३. नुसती प्रश्नचिन्हं: साठवतानाच वर्ण टाकून दिले. मिळत नाही. कागद किंवा जुनी प्रत शोधा.

४. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह: बाइट मध्येच तुटले किंवा यूटीएफ-८ चे नाहीतच. मूळ बाइट पाहून ठरवावं.

५. रिकामे चौकोन: बाइटही ठीक, तक्ताही ठीक. त्या संगणकावर त्या लिपीचा फाँट नाही. फाँट बसवा.

६. कळफलकावरची साधी रोमन अक्षरं आणि चिन्हं: मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या एखाद्या खास मराठी फाँटमध्ये टंकलेला आहे. नोंदींत रोमन अक्षरांचेच अंक आहेत, फाँट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देत होता. त्या फाँटचा परिवर्तक मिळाला तर मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.

त्या जूननंतर आमच्या आज्ञावलीत तीन गोष्टी बदलल्या. ब्राउझर, जोडणी आणि स्तंभ, तिन्ही ठिकाणी संकेताचं नाव स्पष्ट लिहिलं. आपोआप काय येतं यावर काही सोडलं नाही. डेटाबेसची कडक तपासणी चालू केली. आता जागा नसलेला वर्ण आला तर ती नोंद अडते आणि लगेच कळतं. आणि सर्व्हरला हात लावण्याआधी एक चाचणी नोंद भरून, साठवून, परत काढून पाहायची पद्धत पाडली. त्या नोंदीत नाव असतं 'झुंजार कऱ्हाडे, ज्ञानेश्वरी ॲड.' या नावाचा कुणी माणूस नाही. पण त्यात झ आहे, पहिला उकार आहे, अर्धा ऱ आहे, हलंत आहे आणि ॲ आहे. मोडायची असेल ती गोष्ट आधी इथेच मोडते.

भाऊसाहेबांनी तेव्हापासून स्वतःची एक सवय लावून घेतली आहे. नवीन प्रवेश भरून झाले, की त्याच दिवशी यादी छापून ते जनरल रजिस्टरशी ताडून पाहतात. मी म्हटलं, "आता तपासणी चालू आहे, भाऊसाहेब." ते म्हणाले, "असू द्या सर. पोराचं नाव आहे."